मुक्या राखणदाराच्या जखमा
घरी काय करावे, काय टाळावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

आपल्या धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत कुत्र्याच्या जखमांसारख्या विषयाला जागा कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. पण आपल्यापैकी किती घरांच्या पडवीत, मळ्यातील खोपीत किंवा गोठ्याच्या दाराशी एखादे कुत्रे बसलेले असते, याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात ऊस, भात आणि भुईमूग राखणारे कुत्रे हे घरातील एक माणूसच असते. रात्री रानडुक्कर शिवारात शिरले की ते पुढे धावते. उसात कोयत्याची धार, कुंपणाला काटेरी तार, रस्त्यावर भरधाव मोटारी आणि गल्लीत दुसरी कुत्री. वर्षातून एखादी जखम त्याला होतेच.

आणि ती झाली म्हणजे घरातील माणसांपुढे पेच पडतो. खासगी पशुवैद्याचे शुल्क, औषधे, टाके, पुन्हा पुन्हा जाण्यायेण्याचे भाडे हे सारे मोलमजुरी किंवा अल्प निवृत्तिवेतन यांवर चालणाऱ्या घराला जड जाते. मग कोणी जखमेत हळद भरतो, कोणी चुना, कोणी रॉकेल ओततो आणि कोणी ‘कुत्र्याची जात, चाटून बरी करील’ असे म्हणून सोडून देतो. यांत प्रेमाचा अभाव नसतो, माहितीचा असतो. ती माहिती सोप्या भाषेत एकत्र मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा लेख डॉक्टरांची जागा घेण्यासाठी नव्हे. घरी होण्यासारखे काम घरी नीट व्हावे आणि जवळ असलेले थोडे पैसे जिथे खरोखर लागतात तिथेच खर्ची पडावेत, यासाठी तो आहे.

जखम भरते कशी

उपचार समजून घेण्यापूर्वी शरीर स्वतः काय करते ते पाहू. जखम झाली की प्रथम रक्त गोठून रक्तस्राव थांबतो. त्यानंतरचे दोन-तीन दिवस जखमेभोवती सूज, उष्णता व पातळ स्राव दिसतो. शरीरातील पांढऱ्या पेशी मेलेले मांस आणि जंतू साफ करीत असतात, त्याचे हे लक्षण होय. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून तळाशी लालभडक, दाणेदार, ओलसर मांस चढू लागते. ते पाहून पुष्कळ लोक घाबरतात आणि घासून काढू पाहतात. वास्तविक हे नवे मांस जंतूंना चांगला प्रतिकार करते आणि त्याच्याच आधाराने कडेची कातडी आत सरकते. त्याला जपावे, खरवडू नये.

कुत्र्याची पाठीवरील व कुशीवरील कातडी सैल असते. म्हणून तेथील बरीच मोठी जखमही हळूहळू आक्रसून भरून येते. पायाच्या खालच्या भागावर मात्र कातडी घट्ट असल्यामुळे तेवढ्याच जखमेला फार दिवस लागतात. आपल्या शेजारच्या मुधोळचे शिकारी कुत्रे सर्वांच्या परिचयाचे आहे. घोरपडे संस्थानिकांनी वाढविलेल्या या जातीवर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीटही काढले. अशा सडपातळ, वेगवान कुत्र्यांची कातडी पातळ व खाली चरबी कमी, त्यामुळे काट्याने किंवा तारेने ती चटकन फाटते. जखम दिसते मोठी, पण पुष्कळदा कातडीपुरतीच असते.

याच्या उलट स्थिती दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची. वरून सुळ्याचे दोन बारीक छिद्रे दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. परंतु चावणारे कुत्रे दात रुतवून झटके देते, तेव्हा सैल कातडी दाताबरोबर हलते आणि खालचे मांस आतल्या आत फाटते. शिवाय दातांवरील जंतू खोलवर पेरले जातात. वरचे छिद्र दिवसभरात मिटते आणि तीन-चार दिवसांनी तेथे पुवाचे गळू उभे राहते. म्हणून ‘लहान तोंडाची जखम ती लहान जखम’ हा समज प्रथम सोडावा.

आधी माणसाची सुरक्षितता

वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे आपल्या धन्यालाही चावते. त्यात त्याचा दोष नाही. जखमेला हात लावण्यापूर्वी सुमारे एक मीटर लांबीची मऊ कापडी पट्टी घ्यावी, तिचा फास नाकाडावर टाकून गाठ हनुवटीखाली आणावी आणि दोन्ही टोके कानांमागे बांधावीत. कुत्रे ओकत असेल, धापा टाकीत असेल, त्याच्या छातीला मार लागला असेल किंवा ते आखूड नाकाच्या जातीचे असेल, तर तोंड बांधू नये. तोंड उघडून धापा टाकणे हाच कुत्र्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग असल्यामुळे काम होताच पट्टी सोडावी. एकाने डोके धरून हळुवार बोलत राहावे, दुसऱ्याने जखम पाहावी. मुलांना दूर ठेवावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जखम दुसऱ्या अनोळखी कुत्र्याने केली असेल तर त्या जखमेत पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ असू शकते. रबरी हातमोजे नसतील तर दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या चढवाव्यात. आपल्या हातावर खरचटलेले असेल तर हे काम दुसऱ्यास द्यावे. कुत्र्याला रेबीजची लस वेळोवेळी दिलेली असली तरी अशा चाव्यानंतर पशुवैद्यास विचारून पुन्हा लस द्यावी. येथे काटकसर करू नये.

माणसाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे मरण जवळजवळ अटळ असते, परंतु वेळेवर घेतलेली लस तो टाळते. पोटात टोचावयाच्या चौदा सुयांची भीती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर देतात. कातडीत द्यावयाची असल्यास ती पहिल्या, म्हणजे शून्याव्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असते. स्नायूत द्यावयाची असल्यास चौदाव्या दिवसाची आणखी एक असते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. चावलेले कुत्रे १० दिवसांनंतर धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत हा रोग नव्हता असे ठरते, पण त्याची वाट पाहत लस लांबवू नये.

रक्त थांबविणे

कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यात ते सव्वा लिटरच्या आसपास भरेल. आपल्याला जमिनीवर थोडे वाटणारे रक्त त्याच्या दृष्टीने थोडे नसते. म्हणून धुणे, औषध, पट्टी हे सारे मागाहून, रक्त थांबविणे प्रथम.

स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी. पाच मिनिटे घड्याळ लावून दाब ठेवावा, मध्येच उचलून पाहू नये. उचलले की धरू लागलेली गुठळी निघून येते. कापड भिजले तर त्यावरच दुसरी घडी ठेवावी. पायाला दोरी करकचून आवळणे धोक्याचे आहे. खालच्या भागाचे रक्त तुटून पायच जाण्याची भीती असते. नख मुळाशी तुटून रक्त येत असेल तर त्यावर मक्याचे पीठ दाबून धरले तरी पुष्कळदा भागते. लाकूड किंवा लोखंड अंगात रुतलेले असेल तर ते उपसू नये, तसेच सांभाळून डॉक्टरांकडे न्यावे.

हिरड्यांकडे पाहण्याची सवय करावी. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडले असता पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग गार पडले, नाडी फार जलद व दुबळी लागली तर आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. अशा वेळी घरी एक क्षणही दवडू नये. नाडी मांडीच्या आतील बाजूस हाताला लागते.

जखम धुणे हाच अर्धा उपचार

घरगुती उपचारांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती म्हणजे मिठाचे पाणी. एक लिटर पाणी चांगले उकळावे, त्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला दीड चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि कोमट होऊ द्यावे. रक्तातील क्षारांशी या पाण्याचा मेळ असल्यामुळे ते जखमेतील जिवंत पेशींना दुखवीत नाही. मीठ ‘अंदाजे’ जास्त घालू नये, त्याने आग होते व मांस सुकते. शिल्लक पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे आणि ताजे करावे.

धुण्यापूर्वी जखमेभोवतीचे केस कापावे लागतात. कापलेले केस आत पडू नयेत म्हणून जखमेवर ओल्या स्वच्छ कापडाची घडी ठेवावी आणि मग बोथट टोकाच्या कात्रीने चहूबाजूंचे दोन बोटे रुंदीचे केस काढावेत. त्यानंतर सुई काढलेल्या २० मिलिलिटरच्या पिचकारीने पाणी जोराने, पण एका कडेने सोडावे. पिचकारी नसेल तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने चार छिद्रे पाडून ती दाबावी. माती, गवत, वाळलेला स्राव वाहून जाईपर्यंत धुवावे. जखम लहान असली तरी पाव लिटर पाणी सहज लागते. थेंब दोन थेंब शिंपडणे म्हणजे धुणे नव्हे. सुळ्याच्या बारीक छिद्रात मात्र पिचकारीचे टोक खुपसून जोराने पाणी मारू नये, त्याने घाण आणखी आत जाते.

जंतुनाशक वापरावयाचे असल्यास पोव्हिडोन आयोडीन हे औषध औषधांच्या दुकानात सहज मिळते. १० टक्क्यांच्या बाटलीतील १० मिलिलिटर औषध एक लिटर मिठाच्या पाण्यात घातले की फिक्या चहासारखा रंग येतो. तेवढेच पुरे. औषध जितके कडक तितके गुणकारी, हा समज खोटा आहे. कडक औषध जंतूंबरोबर नव्या मांसाच्या पेशीही मारते आणि जखम मागे पडते.

काय लावू नये

आपल्याकडे चालत आलेल्या काही उपायांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. रॉकेल, पेट्रोल, फिनेल, चुना, तंबाखू, बॅटरीची पूड, मिरची यांपैकी काहीही उघड्या जखमेत घालू नये. यांनी मांस भाजते, आणि कुत्रे चाटत असल्यामुळे विष पोटातही जाते. स्पिरिट आणि फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड रोजच्या धुण्यासाठी वापरू नये. घरातील वासाची जंतुनाशके पाणी न मिसळता लावू नयेत. हळद हा आपल्या आजीबाईच्या बटव्यातील मानाचा पदार्थ खरा, परंतु डब्यातील हळदपूड निर्जंतुक नसते. खोल जखमेत ती ठासून भरली की तिचा चिखल होतो आणि खाली पू दडून राहतो. सुईदोऱ्याने घरी टाके घालणे किंवा झटपट गोंदाने तोंड चिकटविणे हाही तसाच प्रकार. घाण आत कोंडली जाते.

याहूनही धोक्याची गोष्ट माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या आपल्या घरी असतातच आणि कुत्रे विव्हळू लागले की दयेपोटी अर्धी गोळी भाकरीत घालून दिली जाते. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृतास इजा पोहोचते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात, ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यावयाची. त्याचप्रमाणे मागच्या आजारातील उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देऊ नयेत. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. खाज-गजकर्णासाठी मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे जखम भरण्यास अडथळा करतात, म्हणून तीही नकोत.

मग घरातील उपयोगी असे काहीच नाही काय? आहे, आणि त्याला फार जुना आधारही आहे. सुश्रुताने व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत आणि आयुर्वेदात व्रणासाठी मध व तूप यांचा उपयोग सांगितला आहे. आजच्या शल्यचिकित्सेतही मधाच्या पट्ट्या वापरतात. मध जखमेतील पाणी ओढून घेतो, त्यात थोडी आम्लता असते, आणि त्यातील एका द्रव्यामुळे जंतुनाशक घटक अगदी सावकाश तयार होत राहतो. साध्या साखरेचाही असाच उपयोग पशुवैद्य करीत आले आहेत. जंतू वाढण्यास मोकळे पाणी लागते, आणि साखर तेच शोषून घेते. उघडी, पसरट, चिघळलेली परंतु नीट धुतलेली जखम असेल तर तिच्यावर मधाचा थर किंवा सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा साखरेचा थर देऊन वर जाड पट्टी बांधावी. पट्टी ओली झाली की, म्हणजे आरंभी दिवसातून दोनदासुद्धा, धुऊन पुन्हा करावी. पट्टीवाचून हा उपाय करू नये, मुंग्या व माशा येतील. चाव्याच्या खोल छिद्रांसाठी हा उपाय नव्हे.

पट्टी आणि चाटणे

पट्टीचे तीन थर असावेत. जखमेला न चिकटणारा पहिला, त्यासाठी जाळीच्या कापडाला थोडी पेट्रोलियम जेली लावली तरी चालते. स्राव शोषणारा कापसाचा दुसरा, आणि धरून ठेवणारा तिसरा. पायाला पट्टी बांधताना ती पंजापासून वर बांधीत यावी व मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती बोटे फुगून एकमेकांपासून लांब झाली किंवा गार लागली तर पट्टी आवळली आहे असे समजून तत्काळ सोडावी. आवळलेल्या पट्टीने पाय गमावलेली कुत्री जखमेने गमावलेल्यांहून कमी दुर्दैवी नव्हेत. पावसाळ्यात बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी घालावी आणि घरी येताच काढावी, कारण आत घाम साचून कातडी कुजते. ओली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट.

कुत्र्याच्या जिभेत औषध असते असे म्हणतात. लाळेत जंतूंना विरोध करणारी काही द्रव्ये आहेत हे खरे, परंतु तिच्यात जंतूही पुष्कळ असतात आणि खरखरीत जिभेने नवे मांस निघून येते. चाटणे थांबविण्यासाठी विकत मिळणाऱ्या गळपट्टीऐवजी जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडांना कापड शिवून ती गळ्यात अडकविता येते. जाड पुठ्ठ्याचे नरसाळेही चालते. त्याची लांबी नाकाच्या टोकापुढे दोन बोटे असावी. पोटावर किंवा कुशीवर जखम असेल तर घरातील जुनी बनियन घालून पाठीवर गाठ मारली म्हणजे काम होते.

शुश्रूषेच्या दिवसांत कुत्र्याला बांधून न ठेवता बंदिस्त, कोरड्या जागी ठेवावे. रोजच्या भाकरीबरोबर उकडलेले अंडे, दही किंवा थोडे मांस मिळाले तर मांस लवकर चढते. कांदा-लसूण मात्र कुत्र्याला देऊ नये.

जखमेत किडे पडले तर

आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत दुःखद दृश्य म्हणजे किडे पडलेली जखम. माशी जखमेच्या कडेवर अंडी घालते आणि एक दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. काही जातींच्या अळ्या मेलेले मांस खातात, पण आपल्या देशातील एका माशीच्या अळ्या जिवंत मांसात स्क्रूसारख्या घुसत जातात. म्हणून सकाळी दिसलेली जखम संध्याकाळपर्यंत खोल झालेली आढळते. कान, शेपटीचे मूळ, पंजाच्या बोटांमधील जागा आणि म्हाताऱ्या कुत्र्याचा पाठीमागचा भाग रोज पाहावा. घाण वास आला की आधी केस बाजूला करून पाहावे.

अळी मागच्या टोकाने श्वास घेते, त्यामुळे ते टोक जखमेच्या तोंडाशी असते. जखमेच्या तोंडावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर १०-१५ मिनिटे ठेवला तर श्वास कोंडून वरच्या अळ्या बाहेर येतात. मग त्या चिमट्याने एकेक काढाव्यात आणि मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. हे काम दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही करावे लागते, कारण खोलवरच्या अळ्या एकदम येत नाहीत. गावोगावी टर्पेंटाइन ओतण्याची चाल आहे. त्याने किडे बाहेर येतात, परंतु उघड्या मांसाची आग होते आणि चाटल्यास विषबाधाही होते. किडे मारण्याच्या पुडीचेही तसेच. जखम नखभर असेल तर घरी प्रयत्न करावा, त्याहून खोल असेल किंवा डोळा, कान, नाक यांत अळ्या असतील तर डॉक्टरांकडेच जावे. तेथे किडे मारणारे औषध वजन पाहून देता येते. काही जातींच्या कुत्र्यांना त्यांपैकी एक औषध घातक ठरते, म्हणून ते ऐकीव माहितीवर देऊ नये.

एकदाच जाणे शक्य असेल तर केव्हा जावे

पुढील प्रसंगी घरगुती उपचारांवर वेळ घालवू नये.

पहिले, १० मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही किंवा ते चिळकांडीने उडते. दुसरे, छातीला किंवा पोटाला आरपार जखम आहे. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये, स्वच्छ ओल्या कापडाने झाकून न्यावे. तिसरे, डोळ्याला इजा. चौथे, हाड दिसते किंवा पाय टेकवत नाही. पाचवे, मोटारीचा धक्का लागला आहे, मग वरून जखम कितीही किरकोळ दिसो. सहावे, दुसऱ्या कुत्र्याच्या किंवा रानडुकराच्या दातांच्या खोल जखमा. सातवे, कडा फाकलेली लांब जखम. अशी जखम टाके घालून बंद करावयाची तर पहिल्या सहा ते आठ तासांत नेल्यास काम सोपे होते व खर्चही कमी येतो. आठवे, पू, दुर्गंधी, सूज वाढत जाणे आणि ताप. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. १०३ च्या वर गेले तर ताप समजावा.

जखम तीन दिवसांत कोरडी व गुलाबी होऊ लागली तर आपण योग्य वाटेवर आहोत. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर आपला उपाय पुरेसा नाही, हे मान्य करावे.

पैसे थोडे असताना

तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याला नेता येते आणि तेथील शुल्क खासगी दवाखान्याहून पुष्कळ कमी असते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये हाही चांगला आधार आहे. मुंबईत परळला १८८६ पासून असे महाविद्यालय आहे. आपले जे नातलग इंदूर, बडोदे व हैदराबादकडे आहेत त्यांना अनुक्रमे महू, आणंद व राजेंद्रनगर येथील महाविद्यालये जवळ पडतील. अनेक राज्यांत १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते. ते मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी विचारून पाहण्यास हरकत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपली परिस्थिती संकोच न करता आरंभीच सांगावी. ‘डॉक्टरसाहेब, आमच्याजवळ एवढेच पैसे आहेत. यात अगदी आवश्यक ते काय, आणि घरी आम्हाला काय करता येईल ते दाखवा’, असे विचारल्यास बहुतेक डॉक्टर मार्ग काढतात. टाके त्यांनी घालावेत आणि रोजची पट्टी आपण करावी, हा त्यांतील सर्वांत सोपा मार्ग. औषधाचे शास्त्रीय नाव लिहून घेतले तर त्याच गुणाचे स्वस्त औषध दुकानात मिळू शकते.

आणि एक कठीण गोष्टही लिहिली पाहिजे. काही जखमा अशा असतात की पैसा ओतूनही प्राणी वाचत नाही. अशा वेळी त्याला गावाबाहेर सोडून येणे हा उपाय नव्हे. जखमी जनावराला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. डॉक्टरांना विचारून त्याला वेदनारहित मरण द्यावे आणि शेवटपर्यंत घरातील माणसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहावे. ज्याने दहा वर्षे दार राखले त्याचे आपल्यावर एवढे देणे आहेच.

संस्थेने काय करता येईल

जखम झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती टाळणे स्वस्त पडते. दरवर्षीची रेबीजची लस, पिलांची तिसऱ्या महिन्यातील पहिली लस, रस्त्यालगतच्या घरी रात्री कुत्रे बांधून ठेवणे आणि नसबंदी, कारण नर कुत्र्यांच्या बहुतेक झुंजी मादीवरून होतात. एकजुटीने केलेल्या अशा कामाचे फळ आपल्या शेजारच्या गोव्याने दाखविले आहे. तेथे २०१३ ते २०१९ या काळात ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्यात आली, सुमारे ७० टक्के कुत्री लसीखाली आली, शाळांतून मुलांना शिकविले गेले. परिणामी कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी खाली आले आणि त्या कालावधीच्या अखेरीस माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. कुत्र्याची काळजी ही माणसाचीच काळजी आहे, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

आपली संस्था गरजू विद्यार्थ्यांना पुस्तके देते आणि रुग्णांना औषधे पुरविते. त्याच कपाटात एक लहान पेटी ठेवता येईल. जाळीचे कापड, कापूस, चिकटपट्टी, बोथट कात्री, चिमटा, दोन पिचकाऱ्या, हातमोजे, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, पेट्रोलियम जेली, तापमापक आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ लिहिलेला पुठ्ठा. याला फार खर्च नाही. ज्या सभासदाच्या दारी अडचण येईल त्याने पेटी न्यावी आणि वापरलेल्या वस्तू पुन्हा भरून परत करावी. वर्षातून एक रविवार पशुवैद्यास बोलावून लसीचे शिबिर भरविले आणि पट्टी कशी बांधावी हे तरुण मंडळींना प्रत्यक्ष दाखविले, तर या लेखातील शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आपल्या वडीलधाऱ्यांनी जेवणापूर्वी काकबळी व गोग्रास काढून ठेवण्याची रीत घालून दिली. कुत्र्यासाठीही भाकरीचा तुकडा बाजूला ठेवलेला असे. त्या तुकड्याबरोबर आता मिठाच्या कोमट पाण्याचे एक भांडे आणि धुतलेल्या कापडाची एक घडी प्रत्येक घरात तयार असावी, एवढीच सर्व सभासद कुटुंबांना विनंती आहे.